प्रकल्प नोंदी: माय, माइन, दिस, दॅट यांचा सराव संच

३ जून

काम ठरलं. मराठीतून इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी सराव संच करायचा. विषय एवढाच: मालकी दाखवणारे शब्द (माय, माइन आणि मंडळी) आणि बोट दाखवणारे शब्द (दिस, दॅट, दीज, दोज). वाक्यं, उत्तरं, उत्तरामागचं दोन ओळींचं कारण आणि निवडक वाक्यांचं ध्वनिमुद्रण. काळ, आर्टिकल, प्रयोग वगैरे काहीही यात घुसवायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

नावावरून थोडी चर्चा झाली. शाळेच्या मराठी व्याकरणातलं 'सार्वनामिक विशेषण' बऱ्याच जणांना आठवतं: 'माझी वही' मधलं माझी, 'ती इमारत' मधलं ती. जुनी इंग्रजी व्याकरणंही याच धर्तीवर पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह आणि डेमॉन्स्ट्रेटिव्ह ॲडजेक्टिव्ह म्हणतात. अलीकडची त्यांना डिटर्मिनर म्हणतात, म्हणजे नामापुढे येऊन ते कोणतं किंवा कुणाचं हे ठरवणारा शब्द. शिकणाऱ्यांसमोर विशेषण हाच शब्द ठेवू, पण प्रश्न काढताना आपण डिटर्मिनरच डोक्यात धरायचा. कारण विशेषणं नामापुढे हवी तितकी लागतात, 'अ बिग ओल्ड रेड हाउस' असं. माय किंवा दिस मात्र तसे लागत नाहीत. या फरकातून पुढे बरंच निघणार आहे.

५ जून

तक्ता तयार. नामाच्या आधी येणारे: माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर. नामाशिवाय एकटे येणारे: माइन, युअर्स, हिज, हर्स, अवर्स, देअर्स. हिज दोन्ही रांगांत तोच. इट्सची एकट्याची जागा जवळजवळ रिकामी. 'दॅट टेल इज इट्स' असं कुणी म्हणत नाही.

माइन वेगळा का दिसतो हे एका सहकाऱ्याने विचारलं. मुळात माइन हेच रूप होतं. व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दाआधी त्यातला न गळत गेला आणि माय उरलं. स्वराआधी तो बराच काळ टिकला, म्हणून जुन्या कवितांत 'माइन आइज' दिसतं. ॲन मधून अ निघालं तीच गोष्ट. हर्स, अवर्स यांचा शेवटचा स उत्तर इंग्लंडच्या बोलींतून पसरला. इतर काही बोलींनी माइनच्या नकलेवर हिजन, हर्न, अवर्न अशी रूपं घडवली होती, ती प्रमाणभाषेत आली नाहीत. गंमत म्हणून नोंदवलं; संचात नको.

आजचा खरा निर्णय वेगळाच. तक्त्याला एक पान, बस. तक्ता पाठ असलेली माणसंच बोलताना आणि लिहिताना अडखळतात, म्हणजे अडचण तक्त्यात नाही. मराठी वाक्य मनात तयार होतं आणि ते इंग्रजीच्या ज्या सांध्यावर बसत नाही, तिथे चूक होते. म्हणून प्रश्नांचा क्रम तक्त्याप्रमाणे न लावता मराठीतल्या कारणाप्रमाणे लावायचा.

९ जून

पहिलं कारण आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं: 'दिस माय बुक'.

मराठीत 'हे माझं पुस्तक' हे पूर्ण वाक्य होऊ शकतं (आहे गाळून) आणि नुसता शब्दसमूहही होऊ शकतो ('हे माझं पुस्तक फाटलंय'). इंग्रजीत यांची दोन वेगळी रूपं होतात. पहिल्याचं 'दिस इज माय बुक'. दुसऱ्याचं 'दिस बुक ऑफ माइन इज टॉर्न'. 'दिस माय बुक' दोन्हीकडे चालत नाही. नामाच्या पुढे डिटर्मिनरला खुर्ची एकच. तिच्यावर दिस बसला की माय उठतो आणि मागच्या दाराने 'ऑफ माइन' होऊन येतो. ही इंग्रजीची खोड आहे, सगळ्या भाषांची नाही. इटालियनमध्ये 'इल मिओ लिब्रो', म्हणजे शब्दशः 'द माय बुक', अगदी बरोबर आहे.

हेच 'माझा एक मित्र' चं. 'वन माय फ्रेंड' किंवा 'अ माय फ्रेंड' नाही. 'अ फ्रेंड ऑफ माइन' किंवा 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. इथे ऑफनंतर इंग्रजी मी (me) न येता माइन येतो, याला स्वतंत्र प्रश्नपत्रिका द्यावी लागेल, कारण मी आला तर कधीकधी अर्थच बदलतो. 'अ फोटो ऑफ मी' म्हणजे ज्यात मी दिसतो तो फोटो. 'अ फोटो ऑफ माइन' म्हणजे माझ्या मालकीचा किंवा मी काढलेला, मग त्यात डोंगर का असेना. मराठीत दोन्ही 'माझा फोटो'च.

खुर्चीच्या आधी आणि नंतर कोण येऊ शकतं तेही द्यायचं. ऑल, बोथ, हाफ हे आधी: 'ऑल माय फ्रेंड्स', 'बोथ दीज रूम्स'. संख्या आणि ओन नंतर: 'माय टू ब्रदर्स', 'माय ओन रूम'. कठीण पातळीचं वाक्य म्हणून 'या माझ्या दोन वह्या' घेतलं. उत्तर: 'दीज टू नोटबुक्स ऑफ माइन'.

दॅट आणि युअर्स एकत्र आले की सुरात एक खोचही येऊ शकते. 'दॅट ब्रदर ऑफ युअर्स' म्हणणारा बहुधा वैतागलेला असतो, आपण 'तो तुझा भाऊ ना!' म्हणतो तसा. ध्वनिमुद्रणासाठी हे वाक्य राखून ठेवलं.

१२ जून

आज हिज आणि हर. अनेकांची समजूत अशी की मराठी माणूस इथे मालकीच्या वस्तूचं लिंग इंग्रजीत नेतो. फ्रेंच भाषकांना ती अडचण येते, कारण त्यांचं सों किंवा सा पुढच्या नामाच्या लिंगावर ठरतं. मराठीचं तसं नाही. 'त्याची', 'तिचा' हे शब्द फोडून पाहिले तर पुढचा भाग (त्या, ति) मालकाचं लिंग सांगतो आणि मागचा (चा, ची, चं, चे) वस्तूचं. इंग्रजीने फक्त पुढचा भाग ठेवला आहे. म्हणजे मराठी माणसाला इथे हिंदी भाषकापेक्षाही सोपं जायला हवं. हिंदीच्या 'उसका' मधून मालक पुरुष की स्त्री ते कळत नाही.

मग अडतं कुठे? आदरार्थी बहुवचनात. 'बाबांनी त्यांच्या किल्ल्या हरवल्या' हे मनात असलं की हात 'माय फादर लॉस्ट देअर कीज' लिहितो. मराठीच्या दृष्टीने यात काहीच वावगं नाही, कारण 'त्याच्या किल्ल्या' म्हणजे बाबांचा अपमान. इंग्रजीत मात्र आदर वचनात दाखवत नाहीत. फादर असोत, न्यायाधीश असोत की राष्ट्राध्यक्ष, एक माणूस म्हणजे हिज किंवा हर. शिकणाऱ्याला हे सांगताना 'इथे उद्धटपणा होत नाही' असं स्पष्ट लिहायचं ठरवलं. नुसतं 'चूक' म्हटलं तर मनातली टोचणी जात नाही.

पण इथेच एक पेच आहे. एका माणसासाठी देअर वापरणं सरसकट चूक ठरवता येत नाही. 'समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला' हे बरोबर आहे. माणूस कोण ते माहीत नसेल तेव्हा एकवचनी दे आणि देअर इंग्रजीत 14व्या शतकापासून आहेत. मेरियम-वेबस्टर या कोशाने 2019 चा शब्द म्हणून 'दे' निवडला. त्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनशैलीच्या 7व्या आवृत्तीने हा वापर मान्य केला. शिवाय काही व्यक्ती स्वतःसाठी हेच सर्वनाम निवडतात. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की नवशिक्यांना हे सांगूच नये, गोंधळ होईल. मला पटलं नाही. बातम्यांत, अर्जांच्या नमुन्यांत त्यांना देअर दिसणारच, आणि मग आमच्यावरचा विश्वास उडेल. शेवटी कारणाची ओळ अशी ठरली: 'व्यक्ती अनोळखी असेल किंवा तिनेच दे निवडलं असेल तर देअर. आदरासाठी देअर नको.'

१३ जून

कालचंच पुढे: 'आपला'. याच्याइतका लबाड शब्द दुसरा नसेल. 'मी आपलं काम केलं' मध्ये तो माय होतो, 'तिने आपलं काम केलं' मध्ये हर, 'आपलं घर' म्हणताना अवर, आणि 'आपलं नाव काय?' असं अदबीने विचारलं तर युअर.

यातून उलटसुलट दोन गोष्टी घडतात. 'आमचं' आणि 'आपलं' यात मराठी जो फरक करते (ऐकणारा त्यात धरलेला आहे की नाही), तो इंग्रजीच्या अवरमध्ये बुडून जातो. आणि 'वकिलाने अशिलाला आपली फाइल दिली' मध्ये फाइल वकिलाची, हे मराठीत बरंच स्पष्ट असतं. 'द लॉयर गेव्ह द क्लायंट हिज फाइल' म्हटलं की फाइल दोघांपैकी कुणाचीही होऊ शकते. अशा वेळी 'हिज ओन' घालायचं किंवा वाक्य मोडून पुन्हा बांधायचं. पण प्रत्येक 'आपला' ला ओन लावू नका, ही सूचना ठळक टाइपात हवी.

१६ जून

ध्वनिमुद्रणाची पहिली बैठक. दिस आणि दीज ऐकून ओळखायचे होते. ऐकणाऱ्या मराठी कानांना जड गेलं. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यात काटेकोर असतो, बोलण्यात फारसे नाही. दीजमध्ये स्वर लांब असतोच, शिवाय शेवटचा ध्वनी घोष असतो, म्हणजे तो उच्चारताना कंठ थरथरतो. आवाज देणाऱ्या सहकारी म्हणाल्या, क्रियापदाकडे कान द्या, इज की आर ते सांगेल. खरं आहे, पण 'आय लाइक दिस' आणि 'आय लाइक दीज' यात तो आधार मिळत नाही. तीच जोडी घ्यायची.

दॅटची गोष्ट याहून छान निघाली. बोट दाखवणाऱ्या दॅटचा स्वर कधीच झिजत नाही. 'की' या अर्थाचा दॅट मात्र बोलताना आखडून 'दत्' सारखा होतो. 'आय नो दॅट दॅट मॅन इज राइट' हे वाक्य त्यांनी सहज म्हणून दाखवलं. पहिला दॅट पटकन गिळलेला, दुसरा भरदार. लिहिलेलं पाहून छपाईची चूक वाटते, ऐकलं की काही शंका राहत नाही.

१८ जून

जिथे मराठीत मालकीचा शब्द नसतोच. 'हात धू' चं 'वॉश युअर हँड्स'. 'त्याने खिशात हात घातला' चं 'ही पुट हिज हँड इन हिज पॉकेट', एका वाक्यात दोनदा हिज. मराठी कानाला हे विचित्रच लागतं. दुसऱ्याच्या खिशात कशाला घालेल? तरी शरीराचे अवयव, अंगावरचे कपडे आणि नातेवाईक यांच्याआधी इंग्रजी मालक सांगतेच. अपवाद: माणसाला कर्म करून अवयव मागाहून सांगितला तर द येतो. 'शी टुक मी बाय द हँड.'

उलट 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे वेळ नाही' यांत मालकी दिसते, पण इंग्रजीत हॅव. दोन-तीन प्रश्न पुरेत.

२० जून

बोट दाखवणारे शब्द. हा-तो आणि दिस-दॅट यांची जवळ-दूरची विभागणी छान जुळते, म्हणून त्यावर वेळ घालवायचा नाही. इंग्रजीत पूर्वी यॉन, यॉन्डर असा तिसरा, आणखी दूरचा शब्द होता. आता तो बोलींत आणि जुन्या लेखनात उरला.

अडचण आहे ती मराठीतला 'तो' दोन कामं करतो म्हणून: इंग्रजी ही (he) आणि दॅट दोन्हींची. फोटोवर बोट ठेवून 'तो माझा भाऊ' म्हणायचं असेल तर इंग्रजीत 'दॅट इज माय ब्रदर'. ओळख एकदा दिस-दॅटने करून दिली की पुढच्या वाक्यापासून ही-शी. 'दिस इज माय सिस्टर. शी इज अ नर्स.' पहिल्याच वाक्यात 'शी इज माय सिस्टर' म्हटलं तर तिच्याबद्दल आधीच बोलणं चालू होतं असं वाटतं.

आणि माणसासाठी एकटा दिस किंवा दॅट फक्त ओळख सांगताना-विचारताना चालतो. 'हू इज दॅट?' ठीक. पण 'याला ओळखतोस?' चं 'डू यू नो दिस?' केलं तर समोरचा वस्तू शोधू लागेल. 'दिस मॅन' म्हणायलाच हवं. अनेकवचनी दोज मात्र 'दोज हू' मध्ये माणसांसाठी खुशाल येतो, 'जे लोक' या अर्थाने.

फोनवर स्वतःबद्दल 'दिस इज'. पलीकडे कोण आहे ते विचारताना ब्रिटिश माणूस 'इज दॅट' म्हणतो, अमेरिकन बहुधा 'इज दिस'. दोन्ही उत्तरं बरोबर धरायची.

जवळ-दूर हे काळालाही लागतं: दीज डेज म्हणजे सध्या, इन दोज डेज म्हणजे त्या काळी. आणि बोलण्यालाही लागतं. आता सांगणार आहे ते दिस ('लिसन टु दिस'), सांगून झालं ते बहुधा दॅट ('दॅट्स व्हॉट आय मेंट'). यावर प्रश्न कमी आणि संवाद जास्त हवेत.

२४ जून

वचनाचा गुंता, म्हणजे नामांचा. मराठीत बातम्या अनेकवचनी, इंग्रजीत 'दिस न्यूज'. कात्री एक, तरी 'दीज सिझर्स'. फर्निचर कितीही असलं तरी दिस. पीपल आणि पोलीस यांना दीज-दोज. 'दीज काइंड ऑफ थिंग्ज' बोलण्यात सर्रास ऐकू येतं आणि जुन्या व्याकरणकारांना ते खुपतं. वाद नको म्हणून प्रश्नात घेतलं नाही. डेटाला दिस आणि दीज दोन्ही.

२५ जून

'दॅट ऑफ'. ऑफिसचे अहवाल लिहिणाऱ्यांना या संचातलं सगळ्यांत उपयोगी पान हेच असेल.

'चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा कमी आहे.' मराठीत चालून जातं. इंग्रजीत 'वीकर दॅन द अर्थ' लिहिलं की गुरुत्वाकर्षणाची तुलना थेट पृथ्वीच्या गोळ्याशी होते. नीट रूप: 'द ग्रॅव्हिटी ऑफ द मून इज वीकर दॅन दॅट ऑफ द अर्थ'. अनेकवचन असेल तर दोज ऑफ: 'द लार्जेस्ट मून्स ऑफ ज्युपिटर आर बिगर दॅन दोज ऑफ मार्स'. या रचनेत दिस किंवा दीज येत नाहीत, अंतर कितीही कमी असो.

माइनही हेच काम करतो: नाम पुन्हा न उच्चारता त्याची जागा धरतो. 'युअर हँडरायटिंग इज बेटर दॅन माइन.' दॅन मी म्हटलं तर अक्षराची तुलना माणसाशी. म्हणून ही दोन पानं शेजारी लावली, तक्त्यात ती कितीही लांब असली तरी.

१ जुलै

इट्स. अपॉस्ट्रॉफी असलेला आणि नसलेला; कानाला दोन्ही एकच, म्हणून ध्वनिमुद्रणातून वगळला. देअरचे तीन प्रकार (their, there, they're) आणि हूजचे दोन (whose, who's), यांचंही तेच.

चूक होण्यामागे तर्क आहे. नामाची मालकी अपॉस्ट्रॉफीने दाखवतात, मग इट ची का नाही? उत्तर असं की तक्त्यातल्या एकाही शब्दाला ती नाही: हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, कुणालाच नाही. इट्स त्यांच्यात बसतो. पडताळा सोपा: तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाक्य बसलं तर अपॉस्ट्रॉफी, नाहीतर नाही.

खरं तर हा शब्दच उशिरा आला. आधी निर्जीव वस्तूलाही हिज म्हणत. 1611 च्या किंग जेम्स बायबलच्या मूळ छपाईत इट्स एकदाही नाही. एके ठिकाणी 'ऑफ इट ओन अकॉर्ड' असं नुसतं इट आहे, जे नंतरच्या छपायांत इट्स झालं. आणि 17व्या-18व्या शतकांत मालकीच्या इट्सला चांगले चांगले लेखकही अपॉस्ट्रॉफी देत. हे दोन ओळींत टाकतोय. सतत लाल शाई खाणाऱ्याला थोडं बरं वाटेल.

४ जुलै

उत्तरं संगणकाने तपासायची का, यावर आज निकाल. शब्दांची जात ओळखणारं साधन वापरून पाहिलं. त्याच्या खुणा पेन ट्रीबँक (शब्दाशब्दाला जातीची खूण लावलेला इंग्रजी वाक्यांचा संग्रह) पद्धतीच्या: त्यात माय-युअरला मालकीची वेगळी खूण आणि माइन-युअर्सला मात्र आय-मी यांचीच. चालेल. हिज दोन्हीकडे, हर कर्म आणि मालकी दोन्हींत, आणि दॅटची तर चार कामं. 'आय सॉ हर डक' घ्या: तिचं बदक पाहिलं की तिला खाली वाकताना पाहिलं? एकटं वाक्य पाहून माणूसही सांगू शकणार नाही.

म्हणून गाळलेली जागा भरा आणि जोड्या लावा एवढंच यंत्राकडे. स्वतः लिहिलेली वाक्यं माणूस तपासेल.

८ जुलै

तपासणाऱ्या सरांचे शेरे आले. 'दॅट ऑफ' चं पान पुढे आणा म्हणतात, आणलं. आपलावरचे प्रश्न जास्त झालेत म्हणतात. एकही काढला नाही. पत्राच्या शेवटी येणारा युअर्स राहून गेला होता, तो घातला: नाव माहीत नसेल तर ब्रिटिश पद्धतीत युअर्स फेथफुली, नावाने पत्र लिहिलं असेल तर युअर्स सिन्सिअरली, आणि दोन्हीकडे अपॉस्ट्रॉफी नाही.

उरलेलं काम: 'ऑफ मी' आणि 'ऑफ माइन' साठी दोन चित्रं, एकात फोटोतला माणूस, दुसऱ्यात डोंगराचा फोटो हातात धरलेला माणूस. दिस-दीजचं ध्वनिमुद्रण पुन्हा, या वेळी हळू. मग छपाईला.